आट्यांची चावी घट्ट झाली आहे : जोर लावावा की थांबावे?

तरणतलाव :

नमस्कार. माझ्याकडे जपानी बनावटीचे एक स्वयंचलित घड्याळ आहे. पहिली नोकरी लागली तेव्हा आईने ते मला घेऊन दिले होते आणि गेली सात वर्षे ते जवळजवळ रोज माझ्या मनगटावर असते. तबकडीवर २०० मीटर असे छापलेले आहे. चावी, म्हणजे काटे फिरवायची बाजूची गोल बोंडी, तीनऐवजी चारच्या आकड्यापाशी आहे आणि ती नुसती आत दाबून बसत नाही, तर आट्यांवर फिरवून बंद करावी लागते. दुकानदार हिलाच स्क्रू-डाऊन क्राऊन म्हणतात.

मी आठवड्यातून चार दिवस दादरच्या महापालिकेच्या तलावात पोहते आणि सुट्टीत अलिबागला गेले तर समुद्रातही उतरते. घड्याळ काढून ठेवण्याची सवय मला कधी लागलीच नाही, कारण ते पाण्यासाठीच केलेले आहे अशी माझी समजूत होती आणि आजवर त्याने मला दगाही दिलेला नाही.

अडचण जुलैच्या पहिल्या तारखेला लक्षात आली. जून तीस दिवसांचा असल्यामुळे तारीख ३१ दाखवत होती, ती पुढे सरकवण्यासाठी चावी उघडायला गेले, तर ती हलेना. रुमाल गुंडाळून, बोटांना वळ उठेपर्यंत फिरवली तेव्हा एकदम सुटली. त्यानंतर ती फिरत होती, पण वाळू मिसळल्यासारखी कुरकुरत. बंद करतानाही शेवटच्या वेढ्याला बराच जोर लागला. दुसऱ्या दिवशी उपनगरातल्या एका दुकानात दाखवायला नेले. तिथल्या गृहस्थांनी काहीही न विचारता पक्कड उचलली, तेव्हा मी घड्याळ परत घेतले आणि घरी आले.

माझे प्रश्न असे आहेत. ही घट्टपणाची तक्रार कशामुळे होते, घरी काही करण्यासारखे आहे का, आणि या अवस्थेत पोहायला जाणे कितपत सुरक्षित आहे? पावसाळा सुरू आहे, चर्चगेटपर्यंतच्या रोजच्या प्रवासात घड्याळ भिजतेच, म्हणून लवकर विचारत आहे.


माहीमकर :

माझ्याही घड्याळाला दोन वर्षांपूर्वी हाच त्रास झाला होता. मी चावीच्या बुडाशी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले, रात्रभर घड्याळ आडवे ठेवले आणि सकाळी चावी लोण्यासारखी फिरू लागली. आजतागायत मला तक्रार नाही. खोबरेल मात्र वापरू नका, ते काही महिन्यांनी चिकट होते, असे माझ्या वडिलांनी सांगितले होते.


लालबागचा घड्याळजी :

ताई, पक्कड पाहून तुम्ही घड्याळ परत घेतले हे फार चांगले केले. मी चाळीस वर्षे हेच काम केले, आता दुकान मुलाकडे आहे. पकडीने उघडलेल्या चाव्या माझ्याकडे नेहमी यायच्या, आणि त्यांपैकी बऱ्याच घड्याळांत चावीबरोबर केसमधली, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचातली, नळीच फिरून बाहेर आलेली असायची. ती नळी काही घड्याळांत आट्यांनी बसवलेली असते, काहींत दाबून बसवलेली असते. तुम्ही चावीला जोर देता तेव्हा चावी आणि नळी यांच्यातली पकड जास्त घट्ट असेल, तर सैल जागा नळी आणि केस यांच्यातली निघते. मग शंभर रुपयांच्या कामाचे हजारोंचे काम होते.

माहीमकरांचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला आहे, पण मी तो मुळीच मानू नये असे सांगेन. पातळ तेल जिथे सोडता तिथे थांबत नाही. ते आट्यांतून नळीत, नळीतून चावीला यंत्राशी जोडणाऱ्या दांडीवर आणि दांडीवरून यंत्रात जाते. घड्याळाच्या आतले तेल मोजून, सुईच्या टोकाने, ठराविक ठिकाणी दिलेले असते. त्यात बाहेरचे तेल मिसळले की ते पसरते आणि जिथे हवे तिथे उरत नाही. गंज सोडवणारे फवारेही याच कारणासाठी वर्ज्य आहेत, कारण त्यांत तेल पातळ करणारा द्रव असतो.

आता मुख्य गोष्ट. घट्टपणा दूर करण्याआधी तो कुठे आहे हे शोधायला हवे, कारण चावी एकाच जागी अडत नाही. तिच्या पोटात आटे असतात, ते नळीच्या बाहेरच्या आट्यांवर चढतात. काही घड्याळांत हीच रचना उलटी असते, पण तत्त्व तेच. चावीच्या आत रबराची रिंग असते, काही घड्याळांत दुसरी रिंग नळीच्या आत असते. बहुतेक चाव्यांत एक लहान स्प्रिंगही असते, तिच्यामुळे आटे सुटल्यावर चावी थोडी बाहेर उडी मारते. म्हणजे आटे, रिंग, स्प्रिंग आणि त्यामागे यंत्र, अशा चार जागी अडथळा येऊ शकतो आणि चारही जागांचा अडथळा बोटांना वेगवेगळा कळतो.

चावी उघडून आट्यांवरून पूर्ण मोकळी करा, पण बाहेर ओढू नका. त्या स्थितीत ती हलक्या हाताने फिरवून पाहा. तुमच्या घड्याळात सेको कंपनीचे ७एस२६ हे यंत्र असेल तर त्याला हाताने चावी देताच येत नाही, म्हणून ती अगदी मोकळी फिरली पाहिजे. तशी फिरली तर दोष आट्यांत आहे. तिथेही जड फिरली तर रिंग सुकून नळीला धरते आहे, किंवा आत आणखी काही आहे. त्यानंतर वेळ लावण्याच्या स्थितीपर्यंत ओढून काटे फिरवून पाहा. काटे अडखळले तर मात्र प्रश्न चावीचा नाही, यंत्राचा आहे.

उघडताना दिशा चुकू नका. तबकडी तुमच्याकडे आणि बाराचा आकडा वर धरला, तर चावीची तुमच्याकडची बाजू सहाकडे सरकली की ती उघडते, बाराकडे सरकली की बंद होते. चार वाजताच्या चावीला घड्याळ किंचित तिरके धरावे लागते आणि तिथेच पुष्कळ जण गोंधळतात. घट्ट चावी उलट दिशेने आणखी घट्ट केलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

भिंग असेल तर उघडलेल्या चावीच्या आत आणि नळीच्या आट्यांवर काय साचले आहे तेही पाहा आणि रंग कळवा. पांढरी पूड, काळे कण, हिरवट थर आणि चकचकीत धातूचा कीस यांचे अर्थ वेगवेगळे आहेत.


धातुवेध :

मी पवईला राहते, शिक्षणाने धातुशास्त्राची आहे. काकांनी जे रंग विचारले आहेत त्यामागची कारणे सांगते.

चांगल्या घड्याळांच्या केसचे पोलाद बहुधा ३१६एल प्रकारचे असते. ते गंजत नाही याचे कारण असे, की त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो खरवडला गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा धरतो. म्हणजे या पोलादाला हवा लागते. चावी बंद असताना आट्यांमधल्या फटीत घाम, समुद्राचे पाणी किंवा साबणाचा अंश अडकला, तर तिथला ऑक्सिजन संपतो आणि नवा आत पोहोचत नाही. क्लोराइड मात्र तिथेच साचत राहतो. घामात मीठ असते, समुद्रात असते, आणि क्लोरीन टाकलेल्या तलावाच्या पाण्यातही क्लोराइड असतोच. अशा फटीत उत्तम पोलादही हळूहळू खाल्ले जाते. मुंबईत हा प्रश्न जास्त येतो तो केवळ समुद्रामुळे नव्हे. दमट हवेत घाम सुकत नाही, मीठ ओले राहते आणि ओले मीठच हे काम करते.

पांढरी पूड म्हणजे बहुतेक सुकलेले मीठ, साबण किंवा उन्हापासून बचावासाठी लावलेले क्रीम. काळे कण रबर झिजल्याची खूण असू शकतात. हिरवट थर दिसला तर चावी किंवा नळी पितळेची असून तिच्यावरचा मुलामा बहुधा गेलेला आहे. तपकिरी डाग म्हणजे गंज. आणि चकचकीत कीस असेल तर काळजी करावी, कारण मग दोन्हीकडचे आटे एकमेकांना खरवडत आहेत. पोलाद पोलादावर कोरडे घासले की वरचा थर निघतो, उघडे धातू एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या वेढ्याला फाटून येतात. टायटॅनियममध्ये ही खोड आणखी जास्त आहे, म्हणून टायटॅनियमच्या घड्याळाची चावी कधीही कोरडी ठेवू नये.


तरणतलाव :

काका, धातुवेधताई, इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. आज रविवार असल्याने शांतपणे बसून तपासले.

चावी पुन्हा सुरुवातीला अडली, पण या वेळी घरकामाचा रबरी हातमोजा घालून धरली, त्यामुळे पकड चांगली मिळाली आणि जोर बराच कमी लागला. आट्यांवरून सुटल्यावर ती अगदी मोकळी फिरते. काटेही सहज फिरतात. भावाकडे टपाल तिकिटांसाठी आणलेले भिंग होते, त्यातून पाहिले. नळीच्या आट्यांच्या खाचांत पांढुरका थर आहे आणि केसच्या जवळच्या दोन खाचांत काळे, किंचित चिकट कण आहेत. धातूचा कीस कुठेही दिसला नाही. चावीच्या आत रिंग दिसते, पण ती चमकत नाही, राखी आणि सुकलेली वाटते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. बंद करताना पहिल्या प्रयत्नात चावी तिरकी चढत होती. मी ती लगेच सोडली.


लालबागचा घड्याळजी :

ही बातमी चांगली आहे. मोकळी फिरते म्हणजे आटे मळले आहेत आणि रिंग कोरडी पडली आहे. आट्यांनी अजून एकमेकांना खाल्लेले नाही.

आटा तिरका चढण्याबद्दल आधी सांगतो, कारण नुकसान तिथेच होते. चावी बंद करताना ती सरळ आत दाबा आणि आधी उलट्या दिशेने, म्हणजे उघडण्याच्या दिशेने, हलकेच फिरवा. एका जागी बोटांना बारीकसा टप्पा जाणवेल, जणू काहीतरी खाली उतरले. तिथे दोन्ही आट्यांची तोंडे समोरासमोर आलेली असतात. मग दाब तसाच ठेवून बंद करण्याच्या दिशेने फिरवा. पहिला अर्धा वेढा बिनाजोराने गेलाच पाहिजे. नाही गेला तर थांबा, परत या, पुन्हा टप्पा शोधा. पहिल्या अर्ध्या वेढ्यात जोर लावणे ही एकच चूक अशी आहे, की जिच्यामुळे चांगले घड्याळ एका मिनिटात बिघडते.

घरी काय करावे? चावी पूर्ण बंद असताना, आणि काचेखाली कधीही धुके आलेले नसेल तरच, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब मिसळून मऊ दातब्रशने चावी आणि केस यांच्यामधली फट घासा. घड्याळ पाण्यात बुडवू नका, ब्रश ओला पुरे. नंतर साध्या पाण्याच्या ब्रशने साबण काढा आणि सुती फडक्याने टिपा. पंख्याखाली अर्धा दिवस ठेवून मग चावी उघडा. उघड्या चावीजवळ पाण्याचा थेंबही नेऊ नका. उघड्या नळीचे आटे साफ करायला लाकडी दातकोरणी टोक करून वापरा, खाचेतून कडेकडेने फिरवा आणि दर वेळी टोक पुसा. सुई वापरू नका. घड्याळ असे धरा की नळीचे तोंड खाली राहील, म्हणजे सुटलेला मळ आत जाणार नाही.

हे झाले वरवरचे. खरे काम रिंगचे आहे आणि ते मागचे झाकण उघडून, दांडी सोडवून, चावी बाहेर काढून करावे लागते. दांडी सोडवण्याची कळ यंत्रावर कुठे असते आणि चावी कोणत्या स्थितीत ठेवून ती दाबायची, हे यंत्रागणिक बदलते. चुकीच्या स्थितीत दाबली तर आतला सांधा निसटतो आणि मग तबकडी काढल्याशिवाय तो बसत नाही. म्हणून हे काम घरी करू नका.


माहीमकर :

काका, तुमचे म्हणणे पटले. मला एक विचारायचे आहे. माझ्या घड्याळात तेल जाऊन आता दोन वर्षे झाली. ते चालते आहे. आत काही बिघडले आहे का, हे बाहेरून कळू शकते का?


लालबागचा घड्याळजी :

तेल कुठवर गेले हे झाकण उघडल्याशिवाय कळणार नाही. पण पाणी शिरते आहे का, याची एक साधी चाचणी आहे आणि ती आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत सगळीकडून सारखे गरम करायचे, दहा ते वीस मिनिटे तसे ठेवायचे. मग काचेवर साध्या, थंडसर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, एक मिनिट थांबायचे, थेंब पुसायचा आणि थेंबाच्या जागी काचेच्या आतल्या बाजूला धुके दिसते का ते पाहायचे. दिसले तर आत ओल आहे. दुकानात यासाठी गरम पाट असतो. घरी केस वाळवायचा ड्रायर वापरू नका, त्याचा झोत एका जागी फार तापतो. ऊन पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून तिच्यावर घड्याळ ठेवले तर साधारण तेवढी ऊब मिळते, फक्त तापमापी लावून पाहा.


माहीमकर :

करून पाहिले. चारच्या आकड्यावर, थेंब ठेवला होता तेवढ्या जागी, धुक्याचे गोल वर्तुळ उमटले आणि अर्ध्या मिनिटाने विरले. मी दोनदा केले, दोन्ही वेळा तेच झाले. म्हणजे चावी सहज फिरत होती खरी, पण ती पाणी अडवत नव्हती. घड्याळ आजच सर्व्हिसिंगला देत आहे. वरचा माझा सल्ला कोणी पाळू नये अशी विनंती करतो. तो काढून टाकत नाही, कारण त्याखालची उत्तरे वाचणाऱ्यांना उपयोगी पडतील.


जुनापुराणा :

एक संदर्भ जोडतो. घड्याळात पाणी आणि धूळ शिरण्याची जागा मुख्यतः चावीचीच होती, कारण काच आणि झाकण एकदा घट्ट बसवले की हलत नाहीत, पण चावी रोज फिरवावी लागते. आट्यांवर बंद होणाऱ्या चावीची कल्पना जुनी आहे, एकोणिसाव्या शतकातल्या खिशातल्या घड्याळांतही ती आढळते. मनगटी घड्याळात ती रुळली ती पेरेगो आणि पेरे या दोन स्विस कारागिरांच्या पेटंटमुळे. रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी ते विकत घेतले आणि १९२६ मध्ये रोलेक्सचे ऑयस्टर हे घड्याळ बाजारात आले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ या जलतरणपटूने इंग्लिश खाडी पोहण्याच्या प्रयत्नात ते घड्याळ गळ्यात घातले होते. थंडीमुळे तिला पाण्याबाहेर काढावे लागले, पण दहा तासांहून अधिक काळ पाण्यात राहूनही घड्याळ चालू होते.

या धाग्याच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग पुढचा आहे. केवळ आटे पाणी पूर्ण अडवत नाहीत. आट्यांचे काम चावीला जागेवर दाबून धरण्याचे आहे, पाणी अडवते ते आतले रबर. म्हणूनच १९५३ मध्ये रोलेक्सने ट्विनलॉक आणि १९७० मध्ये ट्रिपलॉक चावी आणली तेव्हा आटे वाढवले नाहीत, सीलबंद करणाऱ्या जागा वाढवल्या. घट्ट चावी म्हणजे पक्की चावी असे आपल्याला वाटते, ते या कारणाने खरे नाही.

आणखी एक. रशियन बनावटीच्या व्होस्टॉक अँफिबिया घड्याळाची चावी उघडल्यावर लटपटते आणि नवे मालक घाबरून ती बिघडली असे समजतात. ती मुद्दाम तशी केलेली आहे. तिथे चावी आणि दांडी यांच्यात सैल सांधा आहे, जेणेकरून चावीला धक्का बसला तरी दांडी वाकू नये. तेव्हा लटपटणे प्रत्येक वेळी दोष असतोच असे नाही.


तरणतलाव :

माहीमकर, तुमचे घड्याळ सुखरूप परत येवो.

मी काकांनी सांगितल्याप्रमाणे फट ब्रशने साफ केली. दातकोरणीच्या टोकावर इतका मळ आला की चार कोरण्या लागल्या. आता कुरकुर जवळजवळ गेली आहे, मात्र शेवटच्या वेढ्याचा जडपणा तसाच आहे. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. शेवटी थोडा जडपणा असायलाच हवा का? आणि रिंगला कोणते ग्रीस लावतात? ऑफिसमधल्या एकाने व्हॅसलीन सुचवले.


लालबागचा घड्याळजी :

शेवटच्या भागात स्प्रिंग दबते आणि रिंग पसरते, तेव्हा मऊ, वाढत जाणारा विरोध जाणवायलाच हवा. तो रबराचा असतो, उशी दाबल्यासारखा. खरखर, झटका किंवा धातू धातूवर घासल्याची भावना नको. हाताने चावी देता येणाऱ्या यंत्रांत बंद करताना यंत्रालाही चावी बसत असते, कारण दोन्हींची दिशा एकच आहे, म्हणून तिथे आणखी थोडा विरोध लागतो आणि बारीक टिकटिकही कानावर येते. तुमच्या यंत्रात तसे होणार नाही.

चावी थांबली की तुम्हीही थांबा. दोन बोटांचा जोर पुरे. जास्त आवळल्याने पाणी जास्त अडत नाही, उलट रिंग कायमची चपटी होते. चपटी रिंग परत फुगत नाही, मग माणूस आणखी आवळतो, आणि असेच वर्षानुवर्षे चालते. तुमच्या चावीचे हेच झाले असावे असा माझा अंदाज आहे.

ग्रीस सिलिकॉनचेच. व्हॅसलीन आणि इतर खनिज तेलाची उत्पादने काही जातींचे रबर फुगवतात, आणि आपल्या घड्याळात कोणते रबर आहे हे आपल्याला दिसून कळत नाही.


धातुवेध :

काकांच्या म्हणण्याला एक जोड. घड्याळांच्या बहुतेक रिंग नायट्राइल रबराच्या असतात, काही महाग घड्याळांत व्हायटॉन या दुसऱ्या जातीच्या रबराच्या. या दोन्हींना सिलिकॉन ग्रीस चालते. पण रिंग स्वतः सिलिकॉन रबराची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस लावू नये, ती ते शोषते आणि फुगते. म्हणून बाजारातून कुठलीही रिंग उचलून बसवू नका. नागदेवी स्ट्रीटला कारखान्यांसाठी लागणाऱ्या ओ-रिंग हव्या त्या मापाच्या मिळतात, पण तिथे माप सांगून घेतलेली रिंग घड्याळात बसेलच असे नाही, कारण इथे जाडीतला मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरकही जाणवतो. जाड रिंग बसवली तर चावी पुन्हा घट्ट होईल आणि तुम्ही पहिल्या पायरीवर परत याल.


लालबागचा घड्याळजी :

अगदी खरे. ग्रीस किती लावायचे तेही सांगतो, कारण इथे सगळे सढळ हाताने चुकतात. रिंग ओली चमकली पाहिजे, तिच्यावर थर दिसता कामा नये. स्पंजच्या दोन चकत्यांमध्ये ग्रीस मुरवलेली डबी मिळते, तिच्यात रिंग ठेवून झाकण दाबून फिरवले की पुरेसे लागते. आट्यांवर नुसता स्पर्श. आपल्या हवेत जादा ग्रीस धूळ धरते आणि तिची लापशी होते. तुमच्या त्या चिकट काळ्या कणांत जुने ग्रीस आणि धूळ असण्याचीच शक्यता जास्त आहे.

कारागिराकडे गेलात तर हे विचारा : चावीतली रिंग स्वतंत्र बदलता येते का? काही चाव्यांत ती धातूच्या चकतीखाली कायमची बसवलेली असते आणि मग पूर्ण चावी बदलणेच योग्य ठरते. मागच्या झाकणाची रिंगही त्याच वेळी बदलून घ्या, ती स्वस्त असते आणि झाकण उघडलेच आहे. आणि दाबाची चाचणी करून देणार का, हे काम देण्याआधी विचारा. कोरड्या चाचणीच्या यंत्रात घड्याळाभोवती हवेचा दाब वाढवतात आणि केस किंचित दबते का, व दबलेली तशीच राहते का, हे मोजतात. आत हवा शिरत असेल तर केस पुन्हा मूळ आकाराकडे येऊ लागते आणि यंत्र ते पकडते. त्यात पाणी वापरत नाहीत, म्हणून गळके घड्याळही भिजत नाही. ज्याच्याकडे हे यंत्र नाही त्याने काम वाईट केले असे नाही, पण पोहणाऱ्याने त्या चाचणीशिवाय पाण्यात उतरू नये.


तरणतलाव :

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशीर झाला याबद्दल क्षमस्व. मधल्या काळात पोहताना घड्याळ घरी ठेवले. मनगट रिकामे वाटत होते.

फोर्टमधल्या एका कारागिराकडे काम दिले. त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवण्याची गरज पडली नाही. मी घड्याळ दिले तेव्हा त्यांनीही आधी चावी आट्यांवरून मोकळी करून फिरवून पाहिली, आणि मला तिथेच धीर आला. चावी बाहेर काढल्यावर त्यांनी मला भिंगातून दाखवले. रिंग एका बाजूने अगदी चपटी झाली होती आणि तिच्यावर बारीक भेगा होत्या. नळीचे आटे शाबूत आहेत, फक्त पहिल्या आट्याच्या तोंडाशी एक बारीक ओरखडा आहे, तो तिरक्या चढलेल्या वेळेचा असावा. त्यांनी तो तसाच ठेवला, कारण घासला तर आटा आणखी पातळ होईल, असे त्यांचे मत पडले. चावीची आणि झाकणाची अशा दोन्ही रिंग बदलल्या, १० बार इतक्या दाबावर कोरडी चाचणी केली आणि तिचा छापील कागद दिला. आतल्या यंत्राला पाणी लागलेले नव्हते.

आता चावी तीन वेढ्यांत बंद होते. उलट फिरवल्यावरचा तो टप्पा मला आधी कधीच जाणवला नव्हता, आता दर वेळी जाणवतो. शेवटी उशी दाबल्यासारखे वाटते, काकांनी लिहिले आहे अगदी तसेच.


माहीमकर :

माझेही परत आले. दांडीवर आणि तारखेच्या चकतीखाली तेल पसरले होते, यंत्र पूर्ण सोडून धुवावे लागले. नळीही बदलली. तुम्ही पोहून आल्यावर आता काय करता, म्हणजे रोजची काळजी कशी घेता, ते सांगाल का? मी वरळीला समुद्राजवळ फिरायला जातो, मला त्याचा उपयोग होईल.


तरणतलाव :

तलावातून बाहेर आले की चावी बंद आहे हे बोटाने तपासते आणि मगच घड्याळ साध्या नळाखाली अर्धा मिनिट धरते, चावीकडची बाजू वर करून. चावी पाण्याखाली किंवा ओली असताना कधीही उघडत नाही. घरी आल्यावर टिपून ठेवते. पंधरवड्यातून एकदा, घड्याळ पूर्ण कोरडे असताना, चावी उघडून पुन्हा बंद करते. फार दिवस न उघडलेली चावीच जास्त धरते, असे कारागिरांनी सांगितले आणि माझ्या बाबतीत ते खरे होते. मी ती वर्षातून फक्त पाच वेळा उघडत होते, तीस किंवा त्याहून कमी दिवसांचे महिने संपल्यावर.

तारीख मात्र रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान बदलत नाही, कारण त्या वेळी तारखेची चाके आधीच एकमेकांत गुंतलेली असतात.


लालबागचा घड्याळजी :

नळाखाली धरता तेव्हा पाणी गरम नसावे, एवढेच. गरम पाण्याने रबर आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि पाठोपाठ गार पाणी लागले तर आतली हवा आकसते व बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. गरम पाण्याच्या आंघोळीत घड्याळ काढूनच ठेवा. आणि दाबाच्या चाचणीचा कागद जपून ठेवा ताई. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा चाचणी करून घ्याल, तेव्हा दोन्ही कागदांवरचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतील.